फेरविचार, सभागृहाच्या निर्णयाचा

सभागृहाने अथवा सभेने मतदानाने एकदा दिलेला निर्णय त्याच सभागृहाने पुन्हा विचारार्थ घेऊन तो कायम करणे, बदलणे किंवा रद्द करणे, या प्रक्रियेस सामान्यतः फेरविचार असे म्हणतात. सभाशास्त्राच्या काटेकोर परिभाषेत मात्र यांत तीन निरनिराळ्या गोष्टी येतात. खऱ्या अर्थाच्या फेरविचारात पूर्वीचे मतदान बाजूस सारून तोच प्रश्न पुन्हा सभेपुढे खुला होतो. ठराव रद्द करताना पूर्वीचा निर्णय त्या दिवसापर्यंत वैध होता असे मानून तो पुढे चालू राहणार नाही, एवढेच ठरविले जाते. तिसरा व विरळ प्रकार म्हणजे निर्णयाची नोंदच इतिवृत्तातून काढून टाकणे. व्यवहारात हे तिन्ही एकमेकांत मिसळतात आणि त्यामुळे बरेच वाद निर्माण होतात.

एकदा झालेला निर्णय पुन्हा उकरून काढू नये, या नियमाचे मूळ ब्रिटिश संसदेच्या प्रथेत आहे. हाउस ऑफ कॉमन्सने २ एप्रिल १६०४ रोजी असे ठरविले, की एखादा प्रश्न एकदा मांडला जाऊन संमत वा नामंजूर झाला, म्हणजे त्याबद्दल पुन्हा शंका उपस्थित करता येणार नाही. तो सभागृहाचा न्यायनिर्णय म्हणून राहील. पुढे हा नियम एकाच अधिवेशनापुरता मर्यादित मानला जाऊ लागला. त्यामागील हेतू उघड आहे. दुपारी हरलेल्या पक्षाने संध्याकाळी, विरोधक घरी गेल्यावर, तोच प्रस्ताव पुन्हा मांडला तर कोणताच निर्णय टिकणार नाही. नियम जुना असला, तरी मृत झालेला नाही. ब्रिटनने यूरोपीय संघातून बाहेर पडण्यासंबंधीचा करार १५ जानेवारी २०१९ रोजी ४३२ विरुद्ध २०२ आणि १२ मार्च रोजी ३९१ विरुद्ध २४२ मतांनी फेटाळला गेल्यावर, तोच प्रस्ताव तिसऱ्यांदा आणण्यास सभापती जॉन बर्को यांनी १८ मार्च रोजी १६०४ च्या या निर्णयाचा आधार घेऊन प्रतिबंध केला. सरकारने २९ मार्च रोजी कराराचा एक भाग वगळून प्रस्ताव मांडला. तो ‘तोच’ प्रस्ताव नाही म्हणून चर्चेस आला आणि ३४४ विरुद्ध २८६ मतांनी पुन्हा फेटाळला गेला.

अमेरिकेत याहून वेगळी वाट चोखाळली गेली. थॉमस जेफर्सन याने सेनेटच्या उपयोगासाठी रचलेल्या व १८०१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या नियमपुस्तिकेत इंग्लंडमधील अंतिमतेचा नियम आणि सेनेटमधील फेरविचाराची मुभा या दोहोंची शेजारी शेजारी नोंद आहे. सेनेटमध्ये बहुमताच्या बाजूने मत दिलेल्या सभासदास फेरविचाराची सूचना मांडता येई. अमेरिकन सैन्यातील अभियंता हेन्री मार्टिन रॉबर्ट याने १८७६ मध्ये प्रसिद्ध केलेल्या सभानियमांच्या पुस्तकाने ही पद्धत क्लब, चर्च, संस्था, संघटना इत्यादींपर्यंत पोहोचविली. त्यातील अट मार्मिक आहे. फेरविचाराची सूचना विजयी बाजूस मत दिलेल्यानेच आणावयाची. हरलेल्यांना निर्णय लांबणीवर टाकण्याचे साधन मिळू नये, पण ज्याचे मत खरोखर बदलले आहे त्याची मात्र अडवणूक होऊ नये, असा तिचा आशय. ठराव समूळ रद्द करण्यासाठी आगाऊ सूचना दिली असेल तर साधे बहुमत पुरते, नसेल तर दोनतृतीयांश मते लागतात. रॉबर्टने आणखी एक मर्यादा नोंदविली आहे : ठरावानुसार जे कृत्य घडून गेले आणि जे परत फिरविणे अशक्य आहे, ते रद्द करता येत नाही, उरलेल्या, अद्याप अंमलात न आलेल्या भागापुरताच हा अधिकार चालतो. पुढे महाडच्या प्रकरणात ही मर्यादा ध्यानात घ्यावी लागेल.

भारतातील विधिमंडळांनी ब्रिटिश वळण पत्करले. लोकसभेच्या नियमांनुसार ज्या प्रश्नावर सभागृहाने निर्णय दिला आहे, त्याच्याशी आशयाने एकरूप असा प्रस्ताव त्याच अधिवेशनात मांडता येत नाही. ठराव एकदा मांडला गेल्यावर त्याच आशयाचा ठराव एक वर्षपर्यंत आणता येत नाही. विधेयकांच्या बाबतीत फेरविचाराची एक घटनात्मक वाट अनुच्छेद १११ आणि २०० यांनी ठेवली आहे. राष्ट्रपती किंवा राज्यपाल धनविधेयकाखेरीज अन्य विधेयक संदेशासह परत पाठवू शकतात, आणि सभागृहाने ते दुरुस्तीसह वा दुरुस्तीशिवाय पुन्हा संमत केल्यास संमती रोखून धरता येत नाही. राष्ट्रपती ए. पी. जे. अब्दुल कलाम यांनी मे २००६ मध्ये लाभाच्या पदांविषयीचे विधेयक असे परत पाठविले होते. दोन्ही सभागृहांनी ते होते तसेच पुन्हा संमत केले व ऑगस्टमध्ये त्यास संमती मिळाली.

महाराष्ट्रात सभेचे हे नियम विधिमंडळाच्या आधी सार्वजनिक संस्थांतून रुजले. पुण्यात २ एप्रिल १८७० रोजी स्थापन झालेल्या सार्वजनिक सभेचा सभासद होण्यासाठी किमान पन्नास प्रौढ व्यक्तींचे मुखत्यारपत्र लागत असे. अशा सभासदाचे मत केवळ त्याचे स्वतःचे नसते आणि ते फिरविण्याचा अधिकारही त्याच्या एकट्याचा मानता येत नाही, हा विचार त्या अटीत बीजरूपाने आहे. पुढे नगरपालिकांच्या कारभारातून ठराव, उपसूचना, अनुमोदन, तहकुबी, इतिवृत्त कायम करणे, विषय दप्तरी दाखल करणे ही परिभाषा मराठीत स्थिरावली. पुणे महानगरपालिका (स्थापना १९५०) आणि राज्यातील इतर महानगरपालिका यांच्या कामकाजात ‘फेरविचार’ हा शब्द याच परंपरेतून आला आहे. संमत झालेला ठराव तीन महिन्यांच्या आत बदलावयाचा वा रद्द करावयाचा असेल, तर उपस्थितांचे साधे बहुमत न पाहता एकूण सदस्यसंख्येच्या मानाने मोजलेला पाठिंबा आवश्यक ठरविणारी तरतूद या कायद्यांत आढळते. ती मुदत उलटल्यावर ही विशेष अट उरत नाही. याखेरीज राज्य शासनास महानगरपालिकेचा ठराव निलंबित वा विखंडित करण्याचा स्वतंत्र अधिकार आहे. तथापि तो वरिष्ठ सत्तेचा हस्तक्षेप होय, फेरविचार नव्हे.

या सर्व नियमांचा रोख सभागृहाकडे आहे. सभागृहाचा वेळ, त्याची प्रतिष्ठा, त्यातील अल्पमताचे व बहुमताचे हक्क यांची काळजी त्यांत घेतलेली दिसते. ज्याच्या जीवनावर ठरावाचा परिणाम होतो, परंतु ज्याला सभागृहात आसन नाही, त्याच्याविषयी ते मौन पाळतात. या मौनाचा अर्थ महाराष्ट्रात १९२७ साली महाड येथे जसा उघड झाला, तसा क्वचितच अन्यत्र झाला असेल.

महाडचा ठराव व त्याचे निरसन : मुंबई कायदे कौन्सिलाची पावसाळ्यातील अधिवेशने पुण्यास कौन्सिल हॉलमध्ये भरत. कौन्सिलाचे सभासद सी. के. बोले यांनी मांडलेला ठराव ४ ऑगस्ट १९२३ रोजी संमत झाला. सार्वजनिक निधीतून बांधलेली वा चालविलेली, तसेच शासननियुक्त अथवा कायद्याने निर्माण झालेल्या मंडळांच्या व्यवस्थेखालील पाणवठे, विहिरी व धर्मशाळा, त्याचप्रमाणे शाळा, न्यायालये, कचेऱ्या व दवाखाने अस्पृश्य वर्गास वापरू द्यावेत, अशी त्यात शिफारस होती. मुंबई सरकारने ११ सप्टेंबर १९२३ रोजी खातेप्रमुखांना त्यानुसार आदेश दिले. स्थानिक संस्थांच्या बाबतीत मात्र ठरावाचे स्वरूप मुख्यतः सल्ल्याचे होते. तो अंमलात आणणे न आणणे त्यांच्या मर्जीवर राहिले. अनेक संस्थांनी काहीच केले नाही. बोले यांना ५ ऑगस्ट १९२६ रोजी, हा ठराव न पाळणाऱ्या नगरपालिकांचे अनुदान बंद करावे, असा दुसरा ठराव आणावा लागला, यावरून पहिल्याच्या परिणामाची कल्पना येते.

कुलाबा (आताचा रायगड) जिल्ह्यातील महाड नगरपालिका या बाबतीत अपवाद ठरली. सुरेंद्रनाथ (सुरबानाना) टिपणीस यांच्यासारखे सुधारक तेथे कार्यरत होते. नगरपालिकेने ५ जानेवारी १९२४ रोजी ठराव करून आपल्या अखत्यारीतील चवदार तळे अस्पृश्यांस खुले असल्याचे जाहीर केले. ठराव कागदावर राहिला. स्पृश्यांच्या विरोधाच्या भीतीने पुढील तीन वर्षे तळ्यावर कोणी अस्पृश्य पाण्यास गेला नाही आणि नगरपालिकेनेही त्या दिशेने काही केल्याचे दिसत नाही. या काळात ठराव रद्द करण्याची गरज कोणास वाटली नाही, ही गोष्ट लक्षात घेण्याजोगी आहे. न वापरलेला हक्क कोणाला खुपत नाही.

कुलाबा जिल्हा बहिष्कृत परिषदेचे अधिवेशन डॉ. बाबासाहेब आंबेडकर (१८९१–१९५६) यांच्या अध्यक्षतेखाली १९ व २० मार्च १९२७ रोजी महाड येथे भरले. २० मार्च रोजी प्रतिनिधी मिरवणुकीने चवदार तळ्यावर गेले. तेथे आंबेडकरांनी व त्यांच्यामागोमाग प्रतिनिधींनी पाणी घेतले. नगरपालिकेच्या ठरावाची ती पहिली अंमलबजावणी होय. ती नगरपालिकेने नव्हे, तर ज्यांच्यासाठी ठराव झाला होता त्यांनी केली. त्यानंतर परिषदेसाठी आलेल्या लोकांवर गावात हल्ले झाले आणि तळ्याचे ‘शुद्धीकरण’ करण्यात आले. साडेचार महिन्यांनी, ४ ऑगस्ट १९२७ रोजी, महाड नगरपालिकेने १९२४ चा आपला ठराव रद्द केला. बोले यांचा ठराव संमत झाल्यास त्या दिवशी बरोबर चार वर्षे पूर्ण झाली होती.

हा निर्णय केवळ कार्यपद्धतीच्या दृष्टीने तपासला, तर त्यास अडसर ठरेल असे फारसे काही हाती लागत नाही. जुना ठराव तीन वर्षे सात महिन्यांपूर्वीचा होता. त्यामुळे ताज्या निर्णयास मिळणारे संरक्षण त्यास लागू होण्याचा प्रश्न नव्हता. येथे या संरक्षणाची रचनाच उलटी असल्याचे ध्यानात येते. ठराव नवा असतो, कोणीही त्यावर विसंबून पाऊल उचललेले नसते, तेव्हा तो बदलणे अवघड केलेले असते. तो जसजसा जुना होतो, लोक त्यावर भरवसा ठेवू लागतात, तसतसा तो साध्या बहुमताच्या हाती जातो. रॉबर्टच्या मर्यादेची कसोटी लावली, तर २० मार्चच्या कृतीने ठराव अंमलात आला होता, असा युक्तिवाद करता येईल. परंतु ती मर्यादा खाजगी संस्थांच्या सभाशास्त्रातली. नगरपालिकेवर तिचे बंधन नव्हते, आणि एकदा पाणी घेतल्याने उद्या ते घेण्याचा मार्ग मोकळा राहतोच असेही नाही. ज्यांचा हक्क काढून घेतला जात होता, त्यांचे म्हणणे ऐकून घेण्याची तरतूद तर कोठेच नव्हती.

तथापि या निरसनाने नेमके काय साधले, हा प्रश्न शिल्लक राहतो आणि या प्रकरणाचे महत्त्व त्यातच आहे. आंबेडकरांनी हक्काच्या प्रस्थापनेसाठी पुन्हा सत्याग्रह करण्याचे जाहीर केले. महाडमधील काही स्पृश्य रहिवाशांनी १२ डिसेंबर १९२७ रोजी दिवाणी दावा दाखल करून, तळे सार्वजनिक नसून स्पृश्यांच्या मालकीचे आहे असे प्रतिपादन केले व १४ डिसेंबर रोजी तात्पुरता मनाईहुकूम मिळविला. २५ डिसेंबरपासून भरलेल्या परिषदेत मनुस्मृतीचे दहन झाले. पाणी घेण्याचा सत्याग्रह मात्र मनाईहुकुमामुळे तहकूब करून प्रतिनिधींनी तळ्याभोवती मिरवणूक काढली. ठराव रद्द झाल्यामुळेच बंदी आपोआप पूर्ववत झाली असती, तर वादींना न्यायालयात जाण्याचे कारणच नव्हते. नगरपालिकेचा ४ ऑगस्टचा ठराव अपुरा आहे, हे त्याचा लाभ घेऊ पाहणाऱ्यांनीच एका अर्थी मान्य केले होते.

दावा दहा वर्षे चालला. खालच्या न्यायालयाने १९३१ मध्ये तो आंबेडकर व त्यांचे सहकारी यांच्या बाजूने निकालात काढला. तळे नगरपालिकेचे असल्याचे ठरले. त्यामुळे वादींना पुढे मालकीऐवजी रूढीवर भर द्यावा लागला : अस्पृश्यांना वगळून तळे वापरण्याची आपली अनादि वहिवाट आहे, असे त्यांचे म्हणणे होते. मुंबई उच्च न्यायालयाने १७ मार्च १९३७ रोजी दिलेल्या निर्णयात अशी अनादि रूढी सिद्ध झाली नसल्याचे सांगून अपील फेटाळले. निकाल देणारे न्यायमूर्ती ब्रूमफील्ड हे १९२२ मध्ये महात्मा गांधींचा अहमदाबाद येथील राजद्रोहाचा खटला चालविणारे न्यायाधीश होत. पहिल्या सत्याग्रहास दहा वर्षे पूर्ण होण्यास त्या वेळी तीन दिवस उरले होते.

या निकालाचा सभाशास्त्राच्या अंगाने विचार केला, तर एक भेद स्पष्ट होतो. ठराव रद्द करून सभागृहास तेवढेच परत घेता येते, जे त्या ठरावाने दिलेले असते. १९२४ च्या ठरावाने अस्पृश्यांना तळ्याचा हक्क दिला, असा समज तेव्हा ठराव करणाऱ्यांचा व तो मोडणाऱ्यांचाही होता. वस्तुतः तळे सार्वजनिक होते म्हणून हक्क होता; ठरावाने त्याची कबुली दिली होती. कबुली मागे घेता येते, पण तिच्यामुळे हक्क नाहीसा होत नाही. असे असले तरी न्यायालयात तो सिद्ध होईपर्यंत लोक दहा वर्षे पाण्यावाचून राहिले, ही त्या निरसनाची प्रत्यक्ष फलश्रुती म्हणावी लागेल. कायदेपंडितांच्या विवेचनात ही बाजू बहुधा राहून जाते.

संविधान सभेतील पद्धती : महाडनंतर दोन दशकांनी आंबेडकर मसुदा समितीचे अध्यक्ष झाले. ज्या सभेत त्यांनी हे काम केले, तिच्या नियमांत फेरविचारास स्पष्ट स्थान होते. संविधान सभेने एकदा निर्णय दिलेला प्रश्न, उपस्थित राहून मतदान करणाऱ्या सभासदांपैकी किमान एकचतुर्थांश सभासदांची संमती असल्याखेरीज पुन्हा खुला करता येत नसे. ही अट इतर अनेक नियमांच्या उलट दिशेने जाणारी आहे. निर्णय बदलण्यास बहुमत लागणारच. पण त्यावर पुन्हा बोलण्यासाठी एकचतुर्थांश अल्पमतही पुरेसे. तीन वर्षे चाललेल्या आणि देशाच्या फाळणीने मधेच परिस्थिती पालटलेल्या सभेस अशी सवलत आवश्यक होती.

सभेने आपली काही मोठी मते खरोखरच बदलली. राज्यपाल प्रौढ मतदानाने निवडावा, असे १९४७ च्या जुलैमध्ये ठरले होते. मे १९४९ अखेर तो राष्ट्रपतींनी नियुक्त करावा, असा निर्णय झाला. ऑगस्ट १९४७ मध्ये सभेने मुसलमान व इतर काही अल्पसंख्याकांसाठी विधिमंडळांत राखीव जागा ठेवण्याचे तत्त्व मान्य केले होते. सरदार वल्लभभाई पटेल यांनी २५ मे १९४९ रोजी सल्लागार समितीचा नवा अहवाल मांडला व सभेने धार्मिक अल्पसंख्याकांसाठीच्या राखीव जागा रद्द करून त्या अनुसूचित जाती व जमाती यांच्यापुरत्या ठेवल्या. महाडशी तुलना करता येथील महत्त्वाचा फरक असा, की ज्यांच्या हक्काचा प्रश्न होता, त्या समाजांचे प्रतिनिधी सभागृहात बसलेले होते. त्यांपैकी काहींनी बदलास पाठिंबा दिला, काहींनी कडाडून विरोध केला. पण दोहोंची भाषणे इतिवृत्तात आहेत.

गतकाळातील निर्णयांचे निरसन : विधिमंडळे कधीकधी पूर्वीच्या सभागृहाने व्यक्तीवर केलेला अन्याय दूर करण्यासाठीही मागे वळतात. ईश्वराच्या नावे शपथ घेण्याच्या प्रश्नावरून चार्ल्स ब्रॅडलॉ (१८३३–९१) यास आसन नाकारणारा २२ जून १८८० चा ठराव हाउस ऑफ कॉमन्सने २७ जानेवारी १८९१ रोजी इतिवृत्तातून काढून टाकला. १८८९ च्या मुंबई काँग्रेसला उपस्थित राहिलेला हा भारताचा मित्र त्या वेळी मृत्युशय्येवर होता. तीन दिवसांनी त्याचे निधन झाले. लोकसभेने १९ डिसेंबर १९७८ रोजी विशेषाधिकारभंगाबद्दल इंदिरा गांधी यांचे सदस्यत्व रद्द करून त्यांना कारावासाची शिक्षा दिली होती. पुढील लोकसभेने ७ मे १९८१ रोजी तो निर्णय रद्द केला. पहिल्या प्रसंगी व्यक्ती जवळजवळ गेलेली, तर दुसऱ्या प्रसंगी ती पंतप्रधानपदी परतलेली होती. दोन्हींत गेलेला काळ परत येणार नव्हता, आणि म्हणून अशा ठरावांचे मोल मुख्यतः पायंड्याच्या दृष्टीने असते.

फेरविचार न करताच ठराव निष्प्रभ ठेवण्याचे उदाहरणही महाराष्ट्राच्या इतिहासात आहे. मराठवाडा विद्यापीठास डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांचे नाव देण्याचा ठराव विधिमंडळाच्या दोन्ही सभागृहांनी २७ जुलै १९७८ रोजी संमत केला. लगेच मराठवाड्यात दलित वस्त्यांवर हल्ले झाले, घरे जाळली गेली, माणसे मारली गेली; शासनाने अंमलबजावणी थांबविली. ठराव रद्द करण्याचा प्रस्ताव आणणे कोणत्याही पक्षास परवडणारे नव्हते आणि तो अंमलात आणण्याचे धैर्यही दीर्घकाळ कोणी दाखविले नाही. एकदा दिलेला शब्द पाळावा, या मागणीसाठी लाँग मार्च, सत्याग्रह व आत्मबलिदाने झाली. अखेर १४ जानेवारी १९९४ रोजी विद्यापीठाचे नाव ‘डॉ. बाबासाहेब आंबेडकर मराठवाडा विद्यापीठ’ असे झाले. जुन्या नावातील ‘मराठवाडा’ हा शब्द राखल्यामुळे या निर्णयास ‘नामांतर’ऐवजी ‘नामविस्तार’ म्हटले गेले.